साठा घटवण्याआधी पुरवठ्याच्या तारखा तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुरवठा साखळीची तोंडओळख करून देणारा आपल्या उद्योग पुरवणीतला लेख वाचला. भाषा सोपी आहे, कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंतचा प्रवासही नीट मांडला आहे. एक सल्ला मात्र खटकला. साठा म्हणजे अडकलेला पैसा, तेव्हा तो शून्याच्या जितका जवळ न्याल तितके बरे, असे नवउद्योजकांना सांगितले आहे. माझी सगळी नोकरी यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याचे स्टोअर सांभाळण्यात गेली. हा सल्ला अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा न सांगता दिला तर तो महागात पडतो.

साठा किती ठेवायचा हे स्टोअरवाला मनाने ठरवत नाही. ऑर्डर दिल्यापासून माल हातात पडेपर्यंत किती दिवस लागतात, म्हणजे लीड टाइम किती, आणि त्या दिवसांचा भरवसा किती, यावर ते ठरते. समजा, एखादे ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती बसणारी, तेल गळू न देणारी कडी, रोज 40 नग लागते आणि पुरवठादार 10 दिवसांत देतो. मग शिल्लक 400 वर आली की पुढची ऑर्डर गेली पाहिजे. पण तोच पुरवठादार कधी 10 तर कधी 16 दिवस लावत असेल, तर वरच्या 6 दिवसांसाठी आणखी 240 नग जवळ हवेतच. हे 240 नग कोणाच्या आळसापायी पडून राहिलेले नसतात. समोरच्याच्या बेभरवशाच्या तारखा आहेत म्हणून ते ठेवावे लागतात. तारखा सुधारल्या की ते आपोआप कमी करता येतात.

तारखा सुधारायच्या आधीच साठा घटवला, असे उलट क्रमाने गेले की काय होते, ते जवळून पाहिले आहे. वरून फर्मान आले, साठा निम्मा करा. आता निम्मा करायला सोपे काय? रोज हलणारा माल कमी मागवणे. रद्द झालेल्या ऑर्डरींचा, वर्षानुवर्षे न हललेला माल रॅकवर तसाच राहिला, कारण तो भंगारात काढायचा तर तोटा पुस्तकात दाखवावा लागतो आणि तिथे सही करायला कोणी पुढे येत नाही. साठ्याचा आकडा खाली आला, शॉर्टेज लिस्ट, म्हणजे कमी पडलेल्या वस्तूंची यादी, लांबली. जुळणी झालेले गिअरबॉक्स शाफ्टच्या एका सीलसाठी अडले. सील नाही म्हणून तेल भरता येत नाही, तेल नाही म्हणून चाचणी नाही, चाचणी नाही म्हणून डिस्पॅच नाही. म्हणजे पैसा मोकळा झालाच नाही. स्टोअरमधून उठून जुळणीच्या शॉपवर जाऊन बसला, तोही सीलच्या नव्हे तर अख्ख्या गिअरबॉक्सच्या किमतीचा!

साठा नको म्हणणारे हटकून टोयोटाचे नाव घेतात, कारण लागेल तेव्हाच आणि लागेल तितकाच माल मागवण्याची पद्धत या जपानी वाहन कंपनीच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी टोयोटाचीच पुढची हकिगत वाचावी. 1 फेब्रुवारी 1997 रोजी आयसिन या पुरवठादाराच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमध्ये बसणारा एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सगळा तिथूनच येत असे आणि हाताशी साठा काही तासांचा. वाहनांचे उत्पादन ठप्प झाले. इतर पुरवठादारांनी आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह बनवून दिला, म्हणून गाडी आठवडाभरात रुळावर आली. असे धावून येणारे पुरवठादार वर्षानुवर्षांच्या संबंधांतून मिळतात. दर वर्षी भावासाठी पुरवठादार बदलणाऱ्यांच्या नशिबी ते नसतात. पुढे जपानमधल्या 2011 च्या भूकंपानंतर टोयोटाने ज्या मालाला पर्याय नाही आणि जो यायला महिने लागतात, अशांची यादी केली आणि चिपसारख्या वस्तूंचा काही महिन्यांचा साठा ठेवायला पुरवठादारांना सांगितले. 2021 च्या सुरुवातीला इतर वाहन कंपन्या चिपअभावी उत्पादन घटवत होत्या, तेव्हा टोयोटाला तो उपयोगी पडला. (त्याच वर्षी पुढे टोयोटालाही कपात करावी लागली, हेही खरे.) साठा सरसकट कमी नाही आणि सरसकट जास्तही नाही, कोणत्या वस्तूचा किती, हा प्रश्न आहे.

मागणीच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. प्रॉक्टर अँड गॅम्बलला डायपरच्या बाबतीत आढळले की बाळांचा वापर जवळपास स्थिर, दुकानांची विक्रीही फारशी हलत नाही, पण घाऊक व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी बऱ्याच वरखाली होतात, आणि कंपनीने कच्च्या मालासाठी दिलेल्या ऑर्डरी त्याहून जास्त. महिनाअखेरीला सूट देऊन माल लोटणारा प्रत्येक विक्री विभाग असाच हेलकावा तयार करतो. गिऱ्हाईक तेव्हा भरून ठेवते आणि पुढचा महिना थंड जातो. टार्गेटचे बक्षीस विक्रीला, आणि साठा का वाढला याचा खुलासा मात्र स्टोअरने करायचा!

शेवटचा मुद्दा पैशाचा. लेखात तो एका ओळीत उरकला आहे. पुरवठादाराकडे एकच मशीन आहे आणि चार गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी आहेत. तो कोणाचे काम आधी लावेल? ज्याचे बिल ठरल्या तारखेला सुटते त्याचे. बिल थकवणाऱ्याचे काम मागे पडते. फोन केला की ‘उद्या निघतोय माल’ एवढेच ऐकू येते. खरेदी विभाग त्याच्यावर चिडतो, लेखा विभागाला मात्र कोणी विचारत नाही. लेखमालेच्या पुढच्या भागात माल उशिरा येण्याचा आणि बिल उशिरा सुटण्याचा हिशेब शेजारीशेजारी मांडावा, ही लेखकांना विनंती.

आपला,
एक निवृत्त स्टोअरप्रमुख