बाबा, फोन आईकडे देण्याआधी एवढं ऐका

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आमच्या चिमूच्या खोलीच्या दाराला टांगलेले बॉक्सिंगचे ग्लोव्हज दिसले आणि बाबांनी एक शब्द न बोलता फोन आईकडे दिला. आईने मग आज भाजी काय केलीस ते विचारलं. मला कळायचं ते कळलं. हा विषय फोनवर निघाला की आपल्यापैकी कुणाचा तरी आवाज चढतो आणि संध्याकाळी दादाचा मेसेज येतो, बीपी इतकं होतं म्हणून. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. बाबा, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ताजं आहे, तेव्हा हे तुम्ही वाचायचं नाही. आई मोठ्याने वाचेल. आई, मधलं काही गाळायचं नाही.

आधी नको ते सांगून टाकते. आम्ही जूनमध्ये येत नाही. जुलैत चिमूची पहिली लढत आहे, आणि त्याआधीचे आठवडे सरावाचे. डिसेंबरात नक्की येतो, नाताळच्या सुट्टीत. तिकिटं काढून झालीत, म्हणजे आता माघार नाही. जूनपेक्षा ती स्वस्तही पडली, शिवाय तुमच्या जावयांना तेव्हा सुट्टी जास्त मिळते, आणि पावसात इचलकरंजीत तिला दर वेळी सर्दी होतेच की. (हे सगळं खरं आहे, आणि यातलं एकही खरं कारण नाही, हे तुम्हाला कळतंय.) आंबे हुकले. आई, म्हणून तू आता आमरस आटवून डबे भरायला बसू नकोस. त्या गुडघ्यांनी तासभर गॅसपाशी उभं राहायचं नाही.

आता हे खूळ कुठून आलं ते. अर्धं सिनेमातून आणि अर्धं, बाबा, तुमच्याकडून. तुमच्या वाट्याचं नंतर सांगते.

सिनेमाचं नाव ‘द फायर इनसाइड’. २०२४ च्या नाताळला लागला होता. क्लॅरेसा शील्ड्स नावाच्या मुलीची खरी गोष्ट आहे, आणि ती मुलगी इथली, अमेरिकेतल्या आमच्याच मिशिगन राज्यातली, फ्लिंटची. फ्लिंट म्हणजे डेट्रॉइटच्या वर, गाडीने तासाभराचं गाव. १९०८ साली जनरल मोटर्स तिथेच सुरू झाली. एके काळी सगळं गाव कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं. मग एकेक कारखाना बंद पडत गेला. तुम्ही ते गाव पाहिलंत तर आपल्या पेठेतून चालल्यासारखं वाटेल, यंत्रमाग भंगारात वजनावर गेल्यानंतरच्या. पाण्याचं दुखणंही तसंच. २०१४ मध्ये पैसे वाचवायला म्हणून गावाला फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं, ते पाणी नळांना खाऊ नये म्हणून जी प्रक्रिया करायची ती केलीच नाही, आणि जुन्या पाइपांमधलं शिसं पोरांच्या पोटात गेलं. आपल्याकडच्या २०१२ च्या काविळीच्या साथीत बाबा कसे झाले होते ते आठवलं मला. फिल्टरचा कँडल बदललात का? दादाला विचारलं तर तो नुसतं ‘हो हो’ म्हणतो.

तर क्लॅरेसा. बाप चोरून भरणाऱ्या बॉक्सिंगच्या लढतींत उतरलेला, पण ती लहान असताना सात वर्षं तुरुंगात. घरी खायची मारामार. बाप सुटून आला आणि त्यानेच पोरीला मुहंमद अलींच्या मुलीबद्दल सांगितलं, की तीही बॉक्सर झाली. पोर म्हणाली, मग मीपण. तर हाच बाप म्हणाला, हा पुरुषांचा खेळ आहे. बाबा, आलं का काही लक्षात? अकराव्या वर्षी ती बर्स्टन फील्ड हाउस नावाच्या जागी सरावाला जायला लागली. जेसन क्रचफील्ड तिचे कोच. सिनेमात ते आधी मुलींना शिकवायलाच तयार नसतात, आणि ही तिथून हलतच नाही. केबल जोडायची नोकरी करून संध्याकाळी पोरांना शिकवणारा माणूस. पुढे तिला घरात आणून ठेवतो, जेवू घालतो. तुमचे वस्ताद असेच होते ना? ब्रायन टायरी हेन्री नावाच्या नटाने हे काम इतकं सुरेख केलंय की मला मुलीपेक्षा तोच जास्त आवडला. चिमूला हे पटत नाही.

२०१२ ला लंडनमध्ये ऑलिंपिकला पहिल्यांदा बायकांचं बॉक्सिंग आलं. क्लॅरेसा सतरा वर्षांची, शाळेत जाणारी. त्याआधी चीनमध्ये जागतिक स्पर्धेत इंग्लंडच्या सवाना मार्शलकडून हरलेली. हौशी खेळात ती तेवढी एकदाच हरली. लंडनच्या फायनलला रशियाच्या तोर्लोपोवाला १९-१२ ने हरवून ७५ किलोत सुवर्ण. कोच रिंगच्या कोपऱ्यात नाही, प्रेक्षकांत बसून ओरडतोय. त्या वर्षी अमेरिकेच्या पुरुषांना बॉक्सिंगमध्ये एकही पदक मिळालं नाही.

आणि त्याच स्पर्धेत, त्याच रिंगणात, ५१ किलोत आपल्या मेरी कोमला कांस्य मिळालं होतं. तेव्हा टीव्हीपुढे बसून ‘हाण पोरी, हाण!’ कोण ओरडत होतं? शेजारचे काका काय झालं म्हणून बघायला आले होते. मेरीचे वडीलसुद्धा पैलवान. चेहरा बिघडला तर लग्न कसं होणार, ही त्यांनाही काळजी. २००० साली ती राज्य स्पर्धा जिंकली तेव्हा पेपरात फोटो आला आणि त्यांना कळलं की पोर बॉक्सिंग करते. त्या मानाने तुम्हाला व्हिडिओ कॉलवर कळलं, म्हणजे बरंच म्हणायचं.

खेळाच्या कुठल्याही सिनेमात पदक गळ्यात पडलं की लोक उठून चपला शोधतात. इथे पदक मिळतं आणि अजून बराच सिनेमा उरलेला असतो. मला सगळ्यात पटला तो हा भाग. पोर सोनं घेऊन फ्लिंटला येते, आणि काही बदलत नाही. घर तेच, ददात तीच. जाहिराती मिळत नाहीत. ‘मला समोरच्याला ठोकायला आवडतं’ असं मुलाखतीत म्हणत जाऊ नको, जरा गोड बोल, असं तिला वरून सांगतात. पुरुष बॉक्सरांना महिन्याचा भत्ता जास्त आणि मुलींना कमी, त्यावर ती भांडते. तो भाग बघताना मला सारखं तुमचं खाशाबा जाधवांचं सांगणं आठवत होतं. तुम्ही जेवताना सांगायचात: गोळेश्वरचा पैलवान, राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून पैसे दिले, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य, कराडला बैलगाड्यांची मिरवणूक. आणि मग तुम्ही घास तसाच ठेवून म्हणायचात, ‘मिरवणूक संपली की बैल आपापल्या गोठ्यात.’ क्लॅरेसा तशी राहिली नाही, हे खरं. २०१६ ला रिओत तिने पुन्हा सुवर्ण घेतलं. लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं घेणारा अमेरिकेत तिच्याआधी कुणी बॉक्सर नव्हता, पुरुषही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने फ्लिंटमध्येच हेवीवेटचं निर्विवाद जगज्जेतेपद मिळवलं. थंडीत गारठत आम्ही तिघं ती लढत बघायला गेलो होतो. सगळं गाव लोटलं होतं.

हे एवढं यासाठी सांगितलं की आम्ही पोरीला पदकासाठी घातलेलं नाही. पदकाचं काय होतं ते मी तुमच्या ताटाशेजारी बसून ऐकलंय. ती तिथे जाते आणि ताठ होऊन परत येते, एवढंच मला दिसतं. सहावीत वर्गात तोंड उघडत नव्हती, ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हाची ती रात्रीची फोनाफोनी मी विसरलेली नाही.

आता धोका. नाही असं मी म्हणणार नाही, कारण दादा शोधून काढणारच. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेचा मुलांच्या बॉक्सिंगला लेखी विरोध आहे, डोक्याला मार बसतो म्हणून. मी ते निवेदन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. तुमच्या जावयांनी तर दोनदा. म्हणून आमच्या अटी आहेत. समोरासमोर ठोसे मारण्याचा सराव कमी, बाकी दोरीच्या उड्या, बॅग, पायांचं काम. डोक्यावर जाड टोप, दातांना गार्ड. लढतीआधी डॉक्टर तपासतो, नंतरही तपासतो. वजन आणि वय जुळल्याशिवाय उतरू देत नाहीत. फेऱ्या तीन, त्याही दीड-दीड मिनिटाच्या. आणि डोकं दुखतंय असं ती एकदा जरी म्हणाली तरी त्या दिवसापासून बंद. हे तिच्याकडून कागदावर लिहून घेऊन फ्रिजवर लावलंय. आई, नाकाबद्दल तू जे म्हणालीस ते तिला सांगितलं. ती म्हणाली, आजोबांचा कुस्तीत चेपलेला कान बघितलास का, तरी आजीने लग्न केलंच की! यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तुझ्याकडे असेल तर कळव.

आता बाबांचा वाटा. मागच्या वेळी गच्चीवर सकाळी तिला जोर कुणी शिकवले? ‘कंबर खाली, छाती जमिनीला घासून वर’, हे मी जिन्यातून ऐकत होते. बदाम भिजवून कोण देत होतं? ती इथे आली आणि पहिल्याच दिवशी तिच्या कोचबाईंनी विचारलं, हे असले जोर तू कुठे शिकलीस. ‘माझे आजोबा कोल्हापूरला गंगावेश तालमीत होते’ हे तिने इंग्रजीत समजावून सांगितलं, लाल मातीसकट. बाई आता तिच्याकडून इतर पोरींना ते करून घेतात.

सरावाला उतरण्याआधी तिच्या हातांना पट्टी मी बांधते. लांबलचक कापडी पट्टी, अंगठ्यात अडकवायची, मनगटाला तीन वेढे, मग पंजावरून, मग प्रत्येक दोन बोटांच्या मधून काढून परत मनगटाला. सैल राहिली तर हाड दुखावतं, आवळली तर बोटं गार पडतात. बांधून झालं की ती मूठ वळते आणि माझ्या तळहातावर हळूच मारून बघते. तेव्हा मला तू वेणी घालायचीस ते आठवतं आई, ती शेवटची पेडी घट्ट ओढून पाठीत धपाटा घालून ‘हं, पळ’ म्हणायचीस. मला ती वेणी आता घालून मिळेल का, डिसेंबरात? केस फार उरलेले नाहीत, पण तरी.

माझ्या दहावीनंतर माझे धावायचे बूट माळ्यावर गेले, त्यावर बोलायचं नाही असं आपलं ठरलंय. मी बोलत नाहीये. तेव्हा घरचे दिवस कसे होते ते मला माहीत आहे, आणि आत्याच्या सासरच्यांचं बोलणंही मी ऐकलं होतं. तुमच्यावर माझा राग नाही, बाबा, खरंच नाही. फक्त चिमूच्या वेळी माळा नको, एवढंच.

बरं, आता नीट ऐका. डोळ्यांत थेंब चार वेळा, दोन बाटल्यांच्या मध्ये पाच मिनिटं थांबून. वाकून नांगर उचलल्यासारखं काही उचलायचं नाही, गॅसचा सिलिंडर तर नाहीच, त्या पोराला वीस रुपये द्या. बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही. आई, संडासात बसवून घेतलेली धरायची दांडी शोभेची नाही, धरत जा. स्वयंपाकाच्या मावशींना सुट्टी देऊ नकोस, पैसे मी दर महिन्याला पाठवतेच आहे आणि ते साठवून चिमूच्या नावावर ठेवायचे नाहीत, मला दादाने सांगितलंय. पापड वाळत घालायला गच्चीवर जायचं नाही. वहिनीला सांग, ती घालेल. तिने नाही घातले तर विकतचे खा, एका वर्षाने काही बिघडत नाही.

सिनेमा लावून द्यायला दादाला सांगितलंय. इंग्रजी आहे, खालची अक्षरं वाचायला बाबांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाही, गोष्ट मी वर सांगितलीच आहे. कंटाळा आला तर ऑलिंपिकनंतरचं तेवढं बघा.

आणि बाबा, चिमूला तुम्हाला काही विचारायचंय. कुस्तीच्या आदल्या रात्री तुम्हाला झोप लागायची का, आणि नाही लागली तर काय करायचात? मला याचं उत्तर माहीत नाही, कोचबाई म्हणतात दीर्घ श्वास घे, आणि त्यावर तिचा विश्वास नाही. ती रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला फोन करेल. तो फोन मात्र आईकडे द्यायचा नाही.

तुमची,
माई

ता. क. कांदा-लसूण चटणी पार्सलने पाठवू नका, मागचा डबा वाटेतच फुटला आणि सगळ्या कपड्यांना वास लागला. डिसेंबरात मी स्वतः आणीन, दोन किलो करून ठेव. म्हणजे करून घे, मावशींकडून.