शेजारच्या काकी, थँक्यू

काकी, हे बाबू तुम्हाला वाचून दाखवेलच, पण मला सगळ्यांसमोर लिहायचं होतं.

मास्टर्ससाठी यूकेला जायचं ठरलं तेव्हा वाटलेलं की तिघंही जाऊ, पण जानेवारी 2024 पासून तिकडचा रूलच बदलला, पीएचडीसारखा रिसर्च कोर्स असेल तरच नवरा-मुलांना डिपेंडंट म्हणून नेता येतं, बाकी बहुतेकांनी एकट्यानेच जायचं. सात वर्षांचं पोर देवगडात ठेवून आई वर्षभर परदेशी, लोकं काय काय बोलली ते तुम्ही ऐकलंत. दुकानावर सगळ्यांदेखत तुम्ही "पोरगी शिकूक गेली हा, पळान नाय" म्हणालात हे मला ह्यांनी सांगितलं, त्या रात्री मी खूप रडले, पण बरं वाटून.

पोराला जेवूखाऊ घालणारं कोणीतरी मिळालं असतं हो, पण तुम्ही त्याला माझ्यापासून तुटू दिलं नाहीत. रोज माझ्या एकच्या लंच ब्रेकला, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला, रेंज तुळशीपाशीच येते म्हणून तिथे खुर्ची टाकून बसायचात, त्याची वही कॅमेऱ्याला इतकी चिकटवायचात की मला एकच अक्षर दिसायचं, मग हळूहळू मागे न्यायचात, आणि शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तरी तुम्ही सांगायच्या नाहीत, ते काम माझ्यासाठी ठेवायचात. मार्चअखेर तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली आणि तोच ब्रेक आपल्याकडे साडेपाचला यायला लागला, त्यात आंब्याचा सीझन, पेट्या भरता भरता ह्यांना रात्र व्हायची, तर गुडघे दुखत असताना तुम्ही त्याला मैदानातून क्रिकेट सोडवून आणायचात.

त्याला ताप आला तेव्हाही तुम्ही लपवलं नाहीत, पेज भरवताना फोन चालूच ठेवलात. लांबच्या माणसाला त्रास नको म्हणून सगळे आजारपण लपवतात, आणि मग ते माणूस प्रत्येक "सगळं ठीक आहे" वर शंका घेत बसतं. मला तशी एकही रात्र काढावी लागली नाही. चतुर्थीला डिसर्टेशनच्या गडबडीत होते तर आरती पण दाखवलीत.

आता मी आलेय. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बाबूमुळे पुढे ढकललंत हे मला कळलंय, तर पुढच्या आठवड्यात आपण दोघी कणकवलीला जातोय, गाडी सांगून ठेवलीये, नाही म्हणायचं नाही.

तुमचीच,
बाबूची आई