रविवारची बैठक : चेटकिणींचा दुसरा भाग

मंडळी, नमस्कार.

चेटकिणींच्या कादंबरीच्या दुसऱ्या भागावर बोलायला येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता कमाटीबागेत, बँडस्टँडपाशी जमायचं आहे. पाऊस आलाच तर दांडिया बाजारात, नेहमीच्या घरी.

पहिला भाग न वाचलेल्यांनीही जरूर यावं, फक्त दर पाच मिनिटांनी "ही कोण?" विचारू नये. दुसऱ्या भागाचं नेहमीचं दुखणं इथेही आहे: पहिली शंभर पानं नुसती सैन्यं गोळा होतात, युद्ध तोंडावर येतं आणि तिथेच थांबतं. पण बहिणी-बहिणींत फूट पडते ते प्रकरण फार झकास जमलंय. मुलांनी बोलायचं ते त्यावरच.

मागच्या खेपेला ज्यावरून वाद पेटला, ते आधीच मिटवतो. अमेरिकेतल्या सालेममध्ये १६९२ साली चेटकीण म्हणून एकालाही जाळलं नव्हतं. १९ जणांना फाशी दिली, त्यांत पुरुषही होते; एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. जाळायची चाल युरोपातली, जर्मनी-स्कॉटलंडकडची. कादंबरीतली चिता तिकडून आलीये.

गटाच्या तीनही प्रती शुक्रवारपर्यंत पुढच्याकडे द्याव्यात. माझ्याकडे आलेल्या प्रतीत, सेनापती मरतो त्या पानावर लीलो चेवड्याचा तेलकट अंगठा उमटलाय. कोणाचा, ते विचारत नाही. हात पुसून वाचा.

(अरेरे, सेनापतीचं सांगायचं नव्हतं.)