लॅबमधील स्लाइड रंगवण्याचे यंत्र पुन्हा सुरू करण्यासाठी आवाहन

सर्व सभासद, हितचिंतक व परगावचे गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यातले) बांधव यांस स. न. वि. वि.

आपल्या ट्रस्टच्या लॅबमधील टीबीच्या स्लाइड (थुंकीचा नमुना पसरलेल्या काचपट्ट्या) रंगवणारे स्वयंचलित यंत्र दिवाळीपासून बंद आहे. दुरुस्तीला पैसे हवेत, म्हणून हे पत्र.

ही लॅब कशी उभी राहिली हे विट्यात कुणाला सांगायला नको. तरी ज्यांनी दिले त्यांचे नाव काढल्याशिवाय पुन्हा हात पसरणे बरे दिसत नाही. पहिला मायक्रोस्कोप मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी निवृत्तीच्या पैशांतून घेतला आणि पाटी लावू दिली नाही. खोलीची फरशी, ओटा, सिंक यंत्रमागवाल्या मंडळींचे. मंदीच्या वर्षातही त्यांनी शब्द मोडला नाही. आणि यंत्र संपूर्ण गलाई बांधवांचे. केरळपासून बंगालपर्यंत विखुरलेली ही आपली माणसे जत्रेला आली, लॅबमध्ये डोकावली आणि तिथेच आकडे टाकून गेली. त्यांना फार समजावावे लागले नाही. नायट्रिकमध्ये चांदी विरघळते, सोने तसेच राहते. तसा टीबीचा जंतू मेणचट आवरणामुळे फुक्सिनचा लाल रंग आम्लाने धुतला तरी सोडत नाही, बाकीचे सोडतात. मग मिथिलीन ब्लूच्या निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. आम्लाशी रोजची गाठ असलेल्यांना एवढे पुरले.

पूर्वी लॅबमधल्या ताई प्रत्येक स्लाइडवर रंग ओतून खालून स्पिरिटच्या दिव्याने वाफ येईपर्यंत तापवत, पण उकळू न देता. यंत्रात तापवणे नाही. स्लाइड चकतीवर फिरतात, नोझलमधून रंग, आम्ल, पाणी फवारले जाते. प्रत्येक स्लाइडला ताजा फवारा मिळतो, त्यामुळे सगळ्या एकाच भांड्यात बुडवल्यावर एकीचे जंतू दुसरीवर जाण्याची जी भीती असते, ती इथे नाही.

खोड एकच. न तापवता रंग चढावा म्हणून फुक्सिन आणि फिनॉल जास्त तीव्रतेचे वापरावे लागते आणि त्याचे खडे नोझलमध्ये बसतात. फवारा वाकडा जातो, अर्धी स्लाइड फिकी राहते. ताई रोज संध्याकाळी नोझल काढून अल्कोहोलमध्ये ठेवत. पण पंपच थकल्यावर नोझल धुऊन काय होणार? त्यात आपल्याकडची वीज. पाण्याचेही तसेच: नळाच्या पाण्यात कधी टीबीच्या जातकुळीतले निरुपद्रवी जंतू असतात, तेही लाल दिसतात आणि निरोगी माणूस रोगी ठरू शकतो. म्हणून डिस्टिल्ड वॉटरच लागते. प्रत्येक खेपेला एक खात्रीची पॉझिटिव्ह व एक निगेटिव्ह स्लाइड सोबत लावतात. त्या चुकल्या की ती सगळी खेप बाद. शेवटी शेवटी वरचेवर तेच होऊ लागले, तेव्हा ताईंनी यंत्र बंद केले. योग्यच केले.

‘आता सीबीनॅट (जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रावरची तपासणी) आले, हे जुने कशाला?’ असे काही जाणकार विचारतात. निदानाला ते उत्तमच. पण ते मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडते, त्यामुळे औषध लागू पडते आहे का हे पाहायला थुंकीची स्लाइडच लागते. हे गेल्या वर्षीच्या पत्रकातही लिहिले होते. वाचले किती जणांनी, कोण जाणे! यंत्राच्या उद्घाटनाच्या फोटोत उभे राहायला जागा नव्हती. देखभालीचा विषय असलेली वार्षिक सभा मात्र गणसंख्येअभावी तहकूब करून अर्ध्या तासाने मोजक्या डोक्यांत उरकावी लागली. राग नाही, पण लागते.

खर्च अंदाजे दीड लाख : पंप, नोझलचा संच, यूपीएस, डिस्टिल्ड वॉटरचे युनिट, वर्षभराचा देखभाल करार. चेक ट्रस्टच्या नावे. क्यूआर कोड व खाते क्रमांक कार्यालयाच्या फलकावर. कार्यालय सायं. ५ ते ७, रविवार बंद. ८०जी (आयकर सवलतीच्या) पावतीसाठी पॅन द्यावा, दोन हजारांवरील रोख रकमेला सवलत नाही. वस्तुरूपाने देणाऱ्यांनी आधी ताईंना विचारावे, गेल्या वेळी आलेला स्टॅबिलायझर फ्रिजचा निघाला. निधी ३१ मार्चपूर्वी हवा.

आपला,
चिटणीस

ता. क. : लॅब बंद नाही. हाताने रंगवणे चालू आहे, रिपोर्टला एक दिवस जास्त लागतो. सकाळचा नमुना दहाच्या आत आणावा, डबीचे झाकण घट्ट लावून.