मण्यांच्या कामात मजुरी धरली जावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिला बचत गटांसाठी कृत्रिम दागिने आणि मोतीकामाचे वर्ग गावोगावी भरतात आणि समारोपाच्या दिवशी तयार वस्तूंसह प्रशिक्षणार्थींचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते. असे वर्ग व्हायलाच हवेत. मी स्वतः अशाच एका वर्गात सात दिवसांत ठुशी, नथ आणि मोत्यांचे तोरण करायला शिकले आणि गेली नऊ वर्षे आर्वी तालुक्यातील माझ्या गावी घरूनच हे काम करीत आहे. मात्र त्या सात दिवसांत वस्तूची किंमत कशी काढायची, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. त्यानंतर मी पाहिलेल्या वर्गांतही तो विषय निघाला नाही. ही उणीव आम्हा बायकांना किती महागात पडते, ते मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रुखवंतात ठेवायला किंवा दाराला बांधायला मोत्यांच्या तोरणाला आमच्याकडे चांगली मागणी असते. एका तोरणाला मोती, तंगूस (नायलॉनचा दोरा), लटकन आणि वरची पट्टी मिळून मला २६० रुपयांचा माल लागतो. स्वयंपाक, गुरेढोरे आणि शेतातल्या फेऱ्या सांभाळून तीन-चार दिवसांत मिळून १४ तास त्यात जातात. तोरण विकले जाते ४५० रुपयांना, म्हणजे हाती उरतात १९० रुपये आणि तासाला पडतात जेमतेम साडेतेरा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, आठ तासांनी भागल्यास तासाला ३९ रुपये. ज्या कामाला नजर, हातोटी आणि वर्षांचा सराव लागतो, त्यातून मातीकामाच्या एक तृतीयांश मोबदला मिळतो, हे मला कित्येक वर्षे उमगलेच नव्हते, कारण मी तास कधी मोजलेच नव्हते.

या २६० रुपयांत सगळा खर्च येत नाही. माल नागपूरच्या इतवारीतून आणावा लागतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे निम्मे भाडे लागते, त्यामुळे जाणे-येणे परवडू लागले, तरी अख्खा दिवस मोडतोच. पाकिटातले काही मणी भोक बुजलेले निघतात. काचेच्या मण्यांच्या भोकाची कड धारदार असेल तर दोरा काही महिन्यांत तुटतो आणि ओळखीच्या बाईने परत आणलेली माळ पुन्हा ओवून द्यावी लागते. त्याचे पैसे घेणे जिवावर येते. सोनेरी मण्यांची छटा तर दर खेपेला थोडी निराळी येते, त्यामुळे अर्धवट राहिलेला हार नव्या मालाने पूर्ण करता येत नाही आणि जुने मणी डब्यात पडून राहतात.

तासांचा हिशेब लिहू लागल्यावर एक गोष्ट कळली, जी मला कोणत्याही वर्गात शिकायला मिळाली नसती. काळ्या मण्यांची साधी पोत करायला ७० रुपयांचा माल आणि एक तास लागतो आणि ती १५० रुपयांना जाते, म्हणजे तासाला ८० रुपये सुटतात. कुणाची तुटलेली पोत किंवा डोरले पुन्हा गाठून दिले तर दहा रुपयांचा दोरा आणि वीस मिनिटे लागतात आणि ४० रुपये मिळतात. पूर्वी हे काम बाजारात बसणारे पटवे करीत. आता आमच्या आठवडी बाजारात पटवा दिसत नाही, पण पोत तुटायची काही थांबलेली नाही. त्यात न विकलेला माल घरात पडून राहण्याचा धोकाही नाही. तरीही प्रदर्शनात मांडायला आणि छायाचित्रात दिसायला शोभिवंत म्हणून वर्गात तोरणे आणि मोत्यांची फुलेच शिकवली जातात. तोरण करूच नये, असे माझे म्हणणे नाही. तासाला ३९ रुपये धरले तरी त्याची किंमत ८०६ रुपये होते, हे ग्राहकाला सांगता यावे आणि तेवढे देणारे कोणी नसेल तर ते करायचे की नाही, हे करणारीला आधीच ठरवता यावे.

हंगामाचा विचारही याच हिशेबात यायला हवा. पोळ्याला बैलांच्या गळ्यातल्या मण्यांच्या आणि कवड्यांच्या माळा लागतात, आणि पाठोपाठ महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, येतात. दोन मुखवट्यांसाठी ठुशी, नथ, बाजूबंद आणि कमरपट्ट्याचा जोड मागायला बाया शेजारच्या गावांतूनही येतात. नेमके तेव्हाच शेतात निंदण चाललेले असते. मजुरी सोडून घरी बसायचे तर जोडाच्या किमतीत ती मजुरी आलीच पाहिजे. पुढे कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी बोटांची टोके इतकी चिरलेली असतात, की बारीक सुई धरवत नाही. त्या दोन-तीन महिन्यांत माझ्याकडून मण्यांचे काम फारसे होतच नाही.

विदर्भाला मणी नवा नाही. नागपूरजवळच्या महुरझरी येथे नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी १९७०-७२ मध्ये उत्खनन केले. तेथील शिळावर्तुळे, म्हणजे मोठे दगड गोलाकार मांडून केलेली दफनस्थळे, लोहयुगातील आहेत, आणि त्या परिसरात अकीक, कार्नेलियन अशा दगडांचे घडवलेले व अर्धवट राहिलेले मणी मोठ्या प्रमाणात सापडले आहेत, म्हणजे मणी तेथेच तयार होत असत. आजही गडचिरोलीच्या माडिया स्त्रियांच्या गळ्यातील मण्यांच्या माळा आणि बंजारा तांड्यांवरचे कवड्या-आरशांचे भरतकाम पाहिले, की या कामाला हलके लेखण्याचे कारण उरत नाही. असे असूनही १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सोनार आहे, फुलांचे हार करणारा माळी आहे, बाहुल्या व खेळणी करणारा आहे, पण मणी ओवणारी नाही. त्या योजनेत प्रशिक्षणाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळते. शिकणारीच्या दिवसाला मोल आहे, हे तिथे मान्य झाले आहे. मग शिकून झालेल्या बाईच्या दिवसाला ते का नसावे?

बचत गटांचे काम पाहणाऱ्या उमेद अभियानाला आणि महिला आर्थिक विकास महामंडळाला माझी आपल्यामार्फत विनंती आहे, की दागिन्यांच्या प्रत्येक वर्गातला किमान एक दिवस किमतीच्या हिशेबासाठी ठेवावा, आणि त्या दिवशी प्रत्येकीने स्वतः केलेल्या वस्तूचे तास व माल वहीत लिहून किंमत काढावी. इतवारीचा माल गावातल्या बचत गटांच्या ग्रामसंघाने किंवा अनेक गावांच्या प्रभाग संघाने एकत्र आणून वाटून दिला, तर प्रत्येकीचा दिवस मोडणार नाही आणि एकाच खेपेतले मणी सर्वांना मिळतील. गावातल्या गावात एकीने ४५० सांगितले की दुसरी ४०० ला देते आणि तिसरी ३५० ला; मीही हे केले आहे आणि त्यामुळे शेजारणीचे नुकसान झाले, याचे मला वाईट वाटते. म्हणून महालक्ष्म्यांच्या मागण्या येऊ लागण्यापूर्वी, आषाढातल्या ग्रामसंघाच्या बैठकीतच जोडाचा कमीत कमी भाव सर्वांनी मिळून ठरवावा. आमच्या गटापुरते आम्ही या वर्षी तसे ठरवणार आहोत.

आपली,
एक वाचक व गृहउद्योग करणारी महिला
ता. आर्वी, जि. वर्धा