मंजूची बरणी वेगळी

पुणे, १४ जुलै

प्रिय मंजू,

सहा महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. फोन झाले, पण पोळ्या लाटता लाटता फोन खांद्याशी धरून बोलणं म्हणजे काय बोलणं? इथे सगळे बरे आहेत. माझी बीपीची गोळी चालू आहे, ह्यांचं कंबरेचं तेच. आज लिहायला बसले, कारण माझ्या हातून एक गोष्ट झाली आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही. आईची लोणच्याची चिठ्ठी मी घालवली गं.

पहिल्यापासून सांगते. मार्चमध्ये पेठेतली खोली रिकामी केली. पलंगाखालची ती निळी ट्रंक आठवते ना, जिच्यावर बसून आपण भूमितीची प्रमेयं पाठ केली? त्यात आईनं काय काय जपलं होतं! कालनिर्णयच्या पानांचा गठ्ठा, चौकोनाचौकोनांत दुधाचे खाडे मांडलेले. रेशनकार्ड. अण्णांनी कुंदाच्या वेळी पाठवलेली तार, टेलिप्रिंटरच्या पट्ट्या फॉर्मवर चिकटवलेली. तारा २०१३ च्या जुलैत बंदच झाल्या, आता सईला ती हातात देऊन समजवावी लागते. आणि तळाशी माझा पत्र्याचा डबा, एसटीच्या तिकिटांचा! महाबळेश्वरच्या सहलीत मी सगळ्यांची तिकिटं गोळा केली, तेव्हा तू मला सगळ्या गाडीसमोर भंगारवाली म्हणाली होतीस. मी वाईपर्यंत तुझ्याशी बोलले नव्हते. आईनं ती पस्तीस वर्षं सांभाळली, मंजू. तुझंही तिकीट आहे त्यात, कंडक्टरनं पंच केलेलं.

सई म्हणाली, आई, हे टाकू नकोस, ह्याचं जंक जर्नल कर. म्हणजे असल्याच कागदाकापडांची आपण शिवलेली, सजवलेली वही. मला ते नाव आवडत नाही. ह्यातलं जंक कुठलं? पण कल्पना मनात बसली.

वही विकतची नको, पहिल्या पानापासून आपणच करायची, हे मी ठरवलं. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून जाड, खरबरीत कागद आणला. १९४० पासूनची संस्था, आणि आपण कॉलेजला जाताना इतक्यांदा समोरून गेलो, पण कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. थोडे कागद चहाच्या पाण्यात बुडवून गच्चीच्या दोरीवर वाळवले, तेव्हा त्यांना जुन्या पोथीचा रंग आला. मग नागनाथ पाराजवळच्या बाइंडरकाकांकडे गेले. आपल्या फिजिक्सच्या जर्नल्स बांधणारे तेच. आता दुकान मुलगा बघतो, काका नुसते स्टुलावर बसतात. त्यांनी मला जुजबंदी शिकवली. सहा कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की एक जुज, असे पाच. घडीवर आरीनं पाच भोकं. दोरा मेणावरून दोनदा ओढून घ्यायचा, म्हणजे गुंतत नाही आणि कागद कापत नाही. आणि एक महत्त्वाचं सांगितलं: तू आत इतकं चिकटवणार, तर वही फुगून तोंड वासेल, म्हणून फोटोच्या अल्बममध्ये असतात तशा अरुंद पट्ट्या कण्यात पानांच्या मध्ये शिव. तीन वेळा उसवलं, चौथ्यांदा जमलं. ती पाठ बोटानं चाचपून बघितली तेव्हा मला दहावीच्या निकालाइतका आनंद झाला.

पुठ्ठा साडीच्या खोक्याचा. वर आईची चोळी, ती अंजिरी, गुळेदगुड्डच्या खणाची. तू म्हणायचीस ना, काकू ह्या रंगात गौरीसारख्या दिसतात. तिला कात्री लावायला मला आठ दिवस लागले. काकांनी बजावलं होतं की कापडाला सरळ खळ लावू नकोस, वर डाग फुटतो. म्हणून आधी पाठीमागे पातळ कागद चिकटवून वाळवला, मग पुठ्ठ्यावर ताणलं. खळ घरीच शिजवली, मैद्याची, चिमूटभर मोरचूद घालून, नाहीतर पावसाळ्यात झुरळं अख्खी वही खातील. दोन दिवस सगळं पाट्याखाली दाबून ठेवलं. काठाला खणाचीच किनार फिरवली, बांधायला बोहरी आळीतून आणलेली जरीची नाडी. इतकी देखणी दिसते गं!

आणि मग ती चिठ्ठी. लोणच्याच्या मसाल्याची, आईच्या हातची, शाईच्या पेननं लिहिलेली. पाठकोऱ्या कागदावर, घडीवर तेलाचा डाग. शंभर कैऱ्या, मोहरीची डाळ, हळद, हिंग, मेथी, सगळी मापं एकाखाली एक. खाली तिरकं लिहिलं होतं, "मंजूची बरणी वेगळी, तिखट कमी." ती मी पहिल्या पानावर लावायची ठरवलं. बॉलपेनचं अक्षर पाण्यानं हलत नाही, शाईच्या पेनचं फुटतं, हे आपल्या पिढीला सांगावं लागतं का? पावसात भिजलेल्या वह्या आपण चुलीपुढे वाळवल्यात. पण त्या रात्री मला सुचलं नाही. खळ म्हणजे निम्मं पाणीच. चिठ्ठी पालथी घालून हात फिरवला, उलटून लावली, आणि माझ्या डोळ्यांदेखत खालच्या ओळी निळ्या होत पसरल्या. मी टिपकागद दाबला. त्यानं शाई आणखीच उचलली. वरच्या चार ओळी वाचल्या. मेथीचं माप गेलं. तुझ्या ओळीतला फक्त "मं" उरलाय.

सई म्हणाली, झेरॉक्स लावायची होतीस, मूळ कागद कशाला घेतलास? बरोबर आहे तिचं. पण झेरॉक्सला तेलाचा डाग नसतो ना. हे म्हणाले, अगं लोणच्याचं माप तर आहे, विकत काय मिळत नाही? तिथेच मी बोलणं थांबवलं. तीन रात्री झोप नाही. सारखं वाटतं, आईनं इतकी वर्षं जे निळ्या ट्रंकेत सुखरूप ठेवलं, ते मी हौसेपायी एका मिनिटात घालवलं. चोळी कापली ती बरोबर केली का, तेही आता कळेनासं झालंय. तू असतीस तर रागावली असतीस आणि मग चहा टाकला असतास. तेवढं हवंय मला.

आता एक बदल केलाय. शाईचं काहीही चिकटवत नाही. कालनिर्णयच्या पानांचे खिसे शिवते आणि पत्रं त्यांत नुसती सरकवते. तार दोन टाके घालून टाचली. तिकिटं मात्र चिकटवली, तुझं आणि माझं शेजारी शेजारी.

तुझं कसं चाललंय? इंदूरला पाऊस झाला का? सासूबाईंना नमस्कार सांग. नीरजची परीक्षा झाली असेल. तुझ्या दाताचं काय ठरलं ते कळव.

आणि मंजू, तू सांगलीच्या हॉस्टेलवर असताना आई तुला पोस्टकार्डं लिहायची. तू ती ठेवली असशीलच, मला भंगारवाली म्हणत असलीस तरी. पोस्टानं पाठवू नकोस, भीती वाटते. दिवाळीला येशील तेव्हा एकच आण, मी नुसतं बघेन. त्याच्यासाठी एक खिसा रिकामा ठेवलाय, पण तुला द्यावंसं वाटलं तरच.

मेथीचं तेवढं आत्ताच कळव. त्या मे महिन्यात आईबरोबर तूच बसली होतीस मेथी तळायला, मी कैऱ्या फोडत होते. शंभर कैऱ्यांना मेथी किती घेतली होती? फोनवर सांगू नकोस. पोस्टकार्डावर लिही, आणि बॉलपेननं लिही. पहिल्या पानावर लावायचंय.

तुझी,
शैला