ब्लेडवाल्या काकांना जाहीर थँक्यू

ती. काका,
सा. न. वि. वि.

असं पत्र शाळेत मार्कांसाठी लिहिलं होतं, त्यानंतर आजच. तुम्हाला माझं नाव माहीत नाही आणि मला तुमचं, दुकानाच्या पाटीवरचं नाव वडिलांचं आहे एवढंच तुम्ही बोलता बोलता म्हणाला होता. पण सांगलीच्या मार्चच्या उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून दाढीचं ब्लेड मागायला येणारी माणसं काय रोज येत नसतील, त्यामुळं आठवेल तुम्हाला. "काय रं, मांजरानं बोचकारलं काय?" असं तुम्ही विचारलं होतं आणि मी हसलो नव्हतो. सॉरी. हसायच्या मूडमध्ये नव्हतो, का नव्हतो ते आज सांगतो. तुमचा नातू कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेला असतो, तो वाचून दाखवेल.

तर आमच्या घरात रेझर हा प्रकार कधी नव्हताच. बाबा आयुष्यभर चौकातल्या सलूनला गेले, दोन दिवसाआड, दाढी, चहा, पेपर सगळं तिथंच. मला कुणी शिकवायचा प्रश्नच आला नाही. कॉलेजपासून मी आपला चार-पाच पात्यांचा कार्ट्रिजवाला रेझर घ्यायचो, जाहिरातीत दाखवतात तसा सर्रकन ओढायचा आणि मोकळं व्हायचं. गाल ठीक, पण गळा कायम पुटकुळ्यांनी भरलेला. केस कातडीतच वळायचे, लाल व्हायचं, मग पिकायचं. पुढं कळलं की पहिलं पातं केस जरा ओढून धरतं आणि मागची पाती तो कातडीच्या खाली कापतात, मग वाढताना तो वर यायच्या ऐवजी आतच शिरतो, आणि जाड, वळणदार केस असतील तर जास्तच. हे साधं कारण मला सांगायला खरं तर एका एसी सलूनवाल्याला काय हरकत होती, जिथं मी वर्षभर जात होतो. तो म्हणाला "सर, तुमची स्किनच प्रॉब्लेमॅटिक आहे" आणि एक महागडी क्रीमची ट्यूब गळ्यात मारली. म्हणजे दोन्ही अर्थानं गळ्यातच मारली.

मग एका मोठ्या दुकानात विचारलं, एकपाती रेझरची ब्लेडं आहेत का. काउंटरवरच्या पोरानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी कंदिलाची वात मागितलीय. "सर, ते आता आजोबा लोक वापरतात." आणि परत तेच पाच पात्यांचं पुढं सरकवलं, सहाशे रुपये.

शेवटी एका व्हिडिओवाल्या भाऊंच्या नादी लागलो. भाऊंनी वजनदार स्टीलचा रेझर सांगितला, ब्रश सांगितला, वाडगा सांगितला, आणि ब्लेड कुठलं, तर जपानी, जगात सगळ्यात धारदार, "एकदा हे वापरलंत की दुसरं हातात धरणार नाही." खरं निघालं त्यांचं, दुसरं काहीच हातात धरवेना. जाणकार ओळखतील कुठलं ब्लेड ते. ब्लेडचा काही दोष नव्हता बरं का, मुरलेल्या हाताला ते लोण्यासारखं चालत असेल, पण सायकल शिकणाऱ्या पोराच्या हातात कुणी बुलेटची किल्ली देतं का? पहिल्याच दिवशी सात ठिकाणी कापलं. मोजलं, कारण आईनं सात ठिकाणी हळद दाबली. सांगलीत हळदीला काय तोटा, त्यात मी मार्केट यार्डात हळदीच्याच पेढीवर हिशोबाला, पिवळा गळा घेऊन कामावर गेलो तर सगळे हमाल, "काय लगा, हळद लागली, सांगितलं न्हाईस लग्नाचं!" दिवसभर तेच. पुढच्या आठवड्यात परत तेच ब्लेड, परत तेच हाल. त्यानंतर तो मफलर आला.

हे सगळं ३१ वर्षांच्या माणसाचं आहे काका, मिसरूड फुटलेल्या पोराचं नव्हे, म्हणून कुणाला सांगायची पण लाज वाटायची.

तुमच्याकडं मी मुद्दाम आलोच नव्हतो. हरभट रोडच्या मागं एका बोळात कामाला आलेलो, तुमच्या दारात सलूनवाल्यांच्या दोन सायकली लागलेल्या, आत एक कारागीर ब्लेडांचा अख्खा बॉक्स घेत होता. त्यानं एक ब्लेड कागदासकट मधोमध वाकवून कट्कन मोडून दाखवलं तुम्हाला, सरळ मोडतंय का बघायला, अर्धं वस्तऱ्यात आणि अर्धं पुढच्या गिऱ्हाइकाला. मी बघतच राहिलो. वर्षभर सलूनच्या खुर्चीत बसलो, माझ्या दाढीला अर्धंच ब्लेड लागतं हे मला माहीत नव्हतं.

मी तुम्हाला तोच प्रश्न विचारला जो सगळ्यांना विचारत होतो. काका, सगळ्यात भारी ब्लेड कुठलं?

आजवर ज्याला हे विचारलं त्यानं एका सेकंदात उत्तर दिलं होतं. तुम्ही दिलं नाही. तुम्ही चष्मा घातला, काउंटरची फळी वर उचललीत, मला आत उजेडात ओढलंत आणि म्हणालात, "मफलर काढ." मग बोटाची उलटी बाजू माझ्या गळ्यावरून फिरवलीत, खालून वर, वरून खाली, आडवी, दोन दिवसांचे खुंट होते, सावकाश, जसं आंबेवाला आंबा दाबून न बघता नुसता हात फिरवून सांगतो तसं. पुटकुळ्या फुटलेल्या होत्या, एक-दोन ओल्या होत्या. सख्ख्या भावानं हात लावला नसता काका. स्किनच्या डॉक्टरनं टेबलापलीकडून बघून चिठ्ठी लिहिली होती. तुम्ही बोट फिरवून झाल्यावर हाताला पुसलं पण नाही, लगेच पेन शोधायला लागला.

आणि मग ते चित्र. मला यावरच लिहायचं होतं, वरचं सगळं उगाच लांबलं.

भिंतीवरच्या रोजच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडलंत, उलटं केलंत आणि त्यावर एक तोंड काढलंत. तोंड म्हणजे काय, बटाट्याला कान लावल्यासारखं. नाक विसरलात ते नंतर घातलंत. आणि त्यावर बाण. गालावर खाली जाणारे चार. हनुवटीवर दोन. गळ्याच्या उजव्या बाजूला आडवे, कानाकडं जाणारे. आणि डावीकडं कंठाच्या बाजूला एक गोल, त्यावर तुम्ही दोनदा पेन फिरवलंत, "हितं भोवरा हाय तुझा. डोक्याला असतोय तसा. हितं केस वर जात्यात, तू वरनं खाली ओढतोस, म्हंजे उलटाच की रं. जपानी आण न्हाईतर इलायती आण, कापणारच." एवढी वर्षं स्किन प्रॉब्लेमॅटिक, स्किन प्रॉब्लेमॅटिक, आणि निघालं काय, तर भोवरा! म्हणजे मी बरोबर दिशेनं म्हणून जे ओढत होतो ते तिथं उलटं पडत होतं. कोण बघणार, ज्याला त्याला ब्लेड खपवायचं.

मी लहानपणी वह्यांत भरपूर चित्रं काढली, पण माझं चित्र कुणी काढलेलं मला आठवत नाही. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबलेली, तुम्ही त्यांना "थांबा हो जरा" म्हणालात आणि बाण काढत बसला. विक्री किती होणार होती? दहा-वीस रुपये.

मग तुम्ही पाच पाकिटं फोडलीत. सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन, टोपाझ, सुपरमॅक्स, लेझर, प्रत्येकातलं एकेक ब्लेड, कागदावर पेनानं १ ते ५ आकडे. मी म्हटलं पाचही पाकिटं घेतो, तर तुम्ही नको म्हणालात, जे चालेल त्याचं घे, बाकीची काय घरात पुजायचीत? फोडलेली पाकिटं सलूनवाल्यांना सुटी जातील म्हणालात. पैसे पण घेतले नाहीत, "पाकीट घेशील तवा दे." आपलं काम झालं ते या एका गोष्टीमुळं, की दोन्हीकडं धार असलेलं हे पातं कुठल्याही कंपनीचं घ्या, मधल्या त्या लांब फटीमुळं कुठल्याही कंपनीच्या रेझरमध्ये बसतं. कार्ट्रिजमध्ये ही मजा नाही, तिथं ज्याचा दांडा त्याचीच पाती, आयुष्यभर त्याच्याच दाराला. घरी आल्यावर मी याचं जरा वाचलं, तर जिलेटनं १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं विकली होती. तुमच्या दुकानात एका सकाळी त्याहून जास्त जात असतील.

तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. रेझर तोच, क्रीम तेच, फक्त ब्लेड बदलायचं, नाहीतर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा कळत नाही. एकेका ब्लेडच्या तीन-तीन दाढ्या, पहिल्या दाढीवर निकाल द्यायचा नाही. केस ओढल्यासारखं झालं तर ते ब्लेड तुझ्या दाढीला कमी पडतंय नाहीतर संपलंय, आणि नंतर आग झाली तर हात जड पडतोय. रेझरच्या वजनानंच जाऊ दे, तू दाबू नको. हेड आधी गालाला टेकवायचं, मग दांडा हळूहळू खाली आणायचा आणि करकर आवाज सुरू झाला की तिथंच थांबायचं, तो कोन. बाथरूमचा पंखा बंद कर म्हणालात, आवाज ऐकू आला पाहिजे. आणि ब्लेड टॉवेलला पुसायचं नाही, धारेवर बारीक मुलामा असतो तो जातो, नुसतं पाण्यात हलवून झटकायचं. तुमच्या तरुणपणी साध्या पोलादाची ब्लेडं असायची, एका रात्रीत गंजायची, तेव्हा पुसून तेल लावून ठेवायला लागायचं, ती सवय लोकांना अजून आहे असं तुम्ही म्हणालात.

एक नंबरनं ओढलं. दोन बरं होतं. तीन नंबरच्या दुसऱ्या दाढीला मी आरशात बघत थांबलो, रक्त कुठून येतंय ते शोधत, आणि आलंच नाही. तुरटी फिरवली तर चुरचुरली पण नाही. चार आणि पाच पण वापरली, तुमचा शब्द म्हणून. तीन नंबर म्हणजे कुठलं ते इथं मुद्दाम सांगत नाही, सांगितलं की उद्या चार जण तेच घेऊन येतील आणि त्यांचा भोवरा निघायचा उजवीकडं.

तुमच्या दुकानात पाच फुटांवर भिंतीला ती मातकट रेघ आहे ना, २०१९ च्या पुराची, मी त्या दिवशी तिच्याकडं बघत होतो. बाहेर पडल्यावर त्या बॉक्सवाल्या कारागिरानं सांगितलं, ऑगस्टमध्ये पाणी उतरल्यावर लोक भिजलेला माल वाळवून विकत होते आणि तुम्ही ब्लेडांची सगळी खोकी पत्र्याच्या डब्यात भरून, डबा बंद करून कचरागाडीत दिलीत. मेणकागदात होती, स्टेनलेस होती, दिसायला चकचकीत. कुणाला कळलं असतं? तो म्हणाला, "काका म्हणला, नदीचं घाण पाणी लागलेलं पातं कुणाच्या गालाला लावायचं न्हाई." डबा का बंद केला, तर कचरा उचलणाऱ्यांचे हात कापू नयेत. एवढं ऐकून मी सायकल स्टँडपाशी उगाच दोन मिनिटं उभा राहिलो. अशा माणसाचा फोटो कुठं लागत नाही, व्हिडिओ तर नाहीच, आणि ज्यांचे लागतात त्यांना विचारून मी सात ठिकाणी कापून घेतलं.

गळा आता बरा आहे. डाग आहेत अजून, जातील म्हणतात. गेल्या रविवारी गणपतीला गेलो होतो, कॉलरचं वरचं बटण उघडं ठेवून, आई दोनदा बघून काही बोलली नाही. मफलर तिनं धुवून आत ठेवला.

आता एक काम आहे. ते कॅलेंडरचं पान मी बाथरूमच्या आरशाला चिकटवलंय आणि गरम पाण्याच्या वाफेनं शाई फुटायला लागलीय, गालावरचे बाण ठीक आहेत पण भोवरा पसरून नुसता निळा ठिपका झालाय. मला आता पाठ आहे तो, पण तरी. शनिवारी संध्याकाळी येतो, पाच ब्लेडांचे पैसे द्यायचेत, तीन नंबरची दोन पाकिटं घ्यायचीत, भडंग आणतो पाव किलो, नातवाला तिखट चालतं ना? आणि यावेळी बॉलपेननं काढून द्या. नाक आधी घाला.

तुमचा,
मफलरवाला